साळुबाईच्या दारची कुसळी

माणसं पायात रुतलेलं कुसळ उपटून फेकतात, नाहीतर दुसऱ्याच्या डोळ्यातलं शोधत बसतात. पण परसात वाफा करून, शेणखत घालून कुणी कुसळ पेरलंय असं ऐकलंय कधी? महाळुंगे पडवळच्या साळुबाईनं पेरलं. चांगली शुद्धीवर असताना, नवऱ्याला हाताशी धरून, अख्ख्या गावाच्या नाकावर टिच्चून पेरलं. गाव हसलं. हसणारच की हो! पिकलेल्या कुसळीत गुरं घातली तर त्यांची तोंडं सोलवटतात, मेंढरांच्या लोकरीत कुसळ शिरलं तर कातड्याच्या पार जातं, आणि ही बाई त्या गवताला झारीनं पाणी घालतेय म्हटल्यावर लोकांनी करायचं काय?

पण साळुबाईला हसायच्या आधी तिच्या लेकाचा, म्हसूचा जन्म कुठं झाला ते ठाऊक पाहिजे.

तेव्हा ती नवी सून. निरगुडसरची लेक, रखमाजीला दिलेली. गावाच्या वरच्या अंगाला या घराचा माळ होता. पावसाळा सरला की तिथं कमरेएवढी कुसळी उभी राहायची. आधी हिरवी, मग तांबूस, आणि दिवाळीच्या सुमाराला तिच्या तुऱ्यांची काळी कुसळं एकमेकांत गुंतून वेण्या पडायच्या. माळाच्या मधोमध म्हसोबा. चार लाकडी मेढी, त्यांच्यावर कुसळीचं छप्पर, खाली शेंदूर फासलेला धोंडा. या देवाला घुमट नको, कौलं नकोत. गवताखाली गारव्याला बसायचं एवढीच त्याची हौस. दर आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जुनं गवत उतरवायचं आणि दिवाळीनंतर कापून ठेवलेलं नवं चढवायचं, अशी गावाची रीत होती.

त्या वर्षी साळुबाई दिवस भरलेले असताना विळा घेऊन गवत कापायला गेली. घरात बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुपारी ऐन उन्हात कळा सुरू झाल्या. घर लांब, झाड एक नाही. बायांनी तिला उचललं आणि म्हसोबाच्या छपराखाली नेऊन निजवलं. तिथंच, देवाच्या शेजारी, तिला मुलगा झाला.

गावात कुजबुज सुरू झाली. देवाला विटाळ झाला, आता काही खरं नाही! तेव्हा साळुबाईची सासू ठमाबाई पारावर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देवानं बाळंतणीला सोताचं घर दिलं. तुमच्यातल्या कुनी दिलं असतं का? बोला की आता!" घरी येऊन तिनं सुनेच्या हातात गवताची पेंढी दिली. म्हणाली, "आखितीची पयली पेंढी आजपास्नं तुजी. हात चालत्यात तवर चुकवायची न्हाई." पोराचं नाव म्हसू ठेवलं. आणि साळुबाईनं ती पेंढी वर्षानुवर्षं चुकवली नाही. सासू गेली, केस पिकले, बोटं संधिवातानं वाकडी झाली, पण आखितीला पहिली पेंढी तिचीच चढायची.

मग म्हसू मोठा झाला. कर्ता पोरगा, कष्टाळू, त्याला नाव ठेवायला जागा नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला त्यानं बोअर मारली, पाणी लागलं, आणि मंचरहून पोकलेन आणून त्यानं अख्खा माळ सपाट केला. खाली कांदा, वर ऊस. ज्या गवतात जन्मला तेच गवत मुळासकट उपटून टाकलं पठ्ठ्यानं, आणि त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. देवाची जागा तेवढी त्यानं सोडली, पण नांगराचं तास अगदी मेढींना भिडवलं. साळुबाईनं ते सोसलं. पोटाला तर लागतंच. पुढं दोनचार आखित्या तिनं बांधाबांधानं फिरून पेंढी जमवली आणि जुन्याच छपरावर चढवली. मग बांधांवर तणनाशक पडलं आणि तेही संपलं.

त्या आखितीला ती रिकाम्या हातानं देवापुढं गेली. जन्मात पहिल्यांदा.

देवस्थानाचं सगळं गेणू बघायचा. तो पत्रे घेऊन तयारच होता. "काकी, दिस बदललं," तो म्हणाला. "आता कुठं गवत आन् कुठं काय. पत्रा टाकला की पंधरा वर्सं बघायला नको."

"आन् म्या गवत आनलं तर?"

"येका पेंढीनं छप्पर व्हत न्हाई, काकी. पुऱ्या छपराचं आना. ह्यो पत्रा म्या सोताच्या हातानं काढीन, म्हसोबाची आन!"

पत्रा चढला. वैशाखाच्या उन्हात साळुबाईनं आत वाकून देवाच्या डोक्याला हात लावला. धोंडा तव्यासारखा तापला होता. ती घरी आली ती रडतच. रखमाजीला म्हणाली, "त्येनं मला सावलीला घेतलं, आन् म्या त्येला उन्हात बसीवलं. अवं, कुसळी लावू या दारात."

रखमाजी साधा माणूस. बायको रडली की त्याला काही सुचायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो मंचरला हस्तीमलशेठच्या बियाण्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला. शेठचे बापजादे राजस्थानातून आलेले, पण शेठ असा मराठी बोलायचा की राजस्थान त्याचं त्यालाच आठवत नसावं.

"या रखमाजीभाऊ! तणनाशक देऊ का?"

"न्हाई. बी पायजे."

"कशाचं?"

"कुसळीचं."

शेठनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग आत तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलं का! बाहेर या जरा!" त्याची बायको धापूबाई पडद्याआडून डोकावली. शेठचं पोट हसून हसून गदगदत होतं. "जन्मभर मी कुसळी मारायचं औषध विकलं, आणि हे भाऊ तिचं बी मागतायत! उद्या येऊन डासांची अंडी मागतील!" चहा मात्र त्यानं पाजला. धापूबाई आतून एवढंच म्हणाली, "गुरं चरत नाहीत अशा डोंगरावर बघा, भाऊ. तिथं असेल."

तशी जागा साळुबाईच्या माहेरी होती. निरगुडसरला तिच्या भावाच्या उताराच्या रानात थोडी कुसळी उभी होती आणि त्यानं तिच्या दोन पेंढ्या गोठ्यावर टाकून ठेवल्या होत्या. रखमाजी त्या घोंगडीत गुंडाळून घेऊन आला. एसटीत शेजारच्या दोन प्रवाशांनी त्याला शिव्या दिल्या, कारण वाटेत निम्मी कुसळं त्यांच्या धोतरात गेली.

आता इथं जी चूक झाली, ती कांदेकरीच करू जाणे. आयुष्यभर कांद्याचं रोप टाकलेली माणसं! बी म्हणजे साफ पाहिजे, काडी नको, कचरा नको. दोघांनी मिळून ते तुरे गोणपाटावर खापरानं चोळले, दिसलं ते एकूण एक कुसळ मोडून काढलं, सुपात पाखडलं, आणि टोकदार दाणे वाटीत घेतले. मग वाफा केला. शेणखत चाळून घातलं, ओळीत बी टाकलं, माती लोटली, झारीनं पाणी दिलं. पहिला पाऊस झाला, दुसरा झाला. वाफ्यात हराळी आली, माठ आला, कुठून तरी टोमॅटोसुद्धा आला. कुसळी काही उगवली नाही.

"म्हसोबाच रुसला," साळुबाई म्हणाली, आणि तिनं वाफ्याकडं बघायचं सोडून दिलं.

श्रावणातल्या एका सकाळी ती मोरीच्या दगडावर बसून लुगड्याच्या काठातलं कुसळ उपटत होती. आदल्या दिवशी तिनं ते चोळणीचं गोणपाट झटकलं होतं, तेव्हा त्यात राहिलेली कुसळं काठात घुसली होती. ही न मोडलेली, दाण्यासकटची. उपटून तिनं एक समोरच्या मुरमावर टाकलं आणि हात धुतले. चार थेंब त्याच्यावर उडाले.

कुसळ हललं.

साळुबाईनं पाय वर घेतला. तिला वाटलं अळी आहे. वाकून पाहिलं, तर अळी नाही, तेच कुसळ. त्याची काळी लांब शेपटी कोपरासारखी वाकलेली, आणि खालचा भाग सुंभासारखा पीळ घातलेला. पाणी लागलं तसा तो पीळ सुटत होता आणि शेपटी गोल गोल फिरत होती, सावकाश, कुणी जातं ओढावं तशी. फिरता फिरता ती एका खड्याला अडली. शेपटीला पुढं जाता येईना, तशी खालचा दाणाच फिरायला लागला. त्याचं टोक मुरमाच्या फटीत शिरलं आणि सुताराच्या गिरमिटासारखं आत आत जाऊ लागलं.

"अवं," तिनं हाक मारली. "अवं, हिकडं या. बी चालतंय."

"बी चालतंय?" रखमाजी चहाची बशी घेऊन आला. "काय गं, चहात काय घातलं व्हतंस?"

मग तोही उकिडवा बसला. बशीतला चहा निवून गेला. दोघं म्हातारा-म्हातारी डोकं डोक्याला लावून एका कुसळाकडं बघत राहिली. साळुबाईनं बोट बुडवून आणखी एक थेंब सोडला. ते आणखी फिरलं. ऊन आलं, मुरूम वाळला, तसा पीळ परत बसला, पण दाणा वर आला नाही. दाण्याच्या बुडाला बारीक ताठ केस होते, ते त्याला मागं येऊ देईनात. दुसऱ्या दिवशी दव पडलं आणि ते पुन्हा एक घर खाली उतरलं.

रखमाजीनं जन्मभर नांगर धरला होता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "साळे," तो म्हणाला, "ह्येनं नांगुर संगंच आनलाय की गं. बैल न्हाई, मानूस न्हाई, सोताची पेरनी सोता करतंय. आन् आपून ह्येचा नांगुर मोडला, आन् मग म्हनलं उगवंना!"

साळुबाईच्या अंगावर काटा आला. पन्नास वर्षं तिनं कुसळ उपटून फेकलं होतं, शिव्या दिल्या होत्या, पोरांच्या तळपायातून काढलं होतं. आणि त्या फेकलेल्या काडीत एवढं शहाणपण! कुणी भरलं ते? तिनं त्या मुरमाला हात लावून हात कपाळाला लावला. तिला म्हसोबा रुसलाय असं पुन्हा कधी वाटलं नाही.

गोणपाटात अडकलेली उरलीसुरली कुसळं तिनं अंगणाच्या कोपऱ्यात, जिथं निव्वळ मुरूम होता, तिथं नुसती पसरली. ना खत, ना माती. भाद्रपदात तिथं बोटभर पाती दिसली. आणि नेमका त्याच वर्षी पाऊस जो गेला, तो गेलाच.

पुढची दोन वर्षं कशी काढली ते त्या पट्ट्यातल्या माणसाला विचारा. बोअर खोकायला लागली, मग नुसती हवा फेकायला लागली. म्हसूचा ऊस उभ्या उभ्या वाळला. सून स्नेहल मंचरची, शिकलेली, हौशी. तिनं ओट्यावर कुंड्यांत गुलाब लावले होते, बाजूला गादीसारखी लॉन केली होती. कपडे धुतलेलं पाणी ती त्यांना घालायची. आधी लॉन गेली, मग गुलाब गेले. कुसळीची पाती वाळून नुसते खुंट राहिले. एकदा शेजारची शेळी सुटली आणि तिनं तेही भुईसपाट खाल्ले.

साळुबाईला राहवेना. एकदा ती आपल्या वाटणीचं प्यायचं पाणी तांब्यात घेऊन त्या कोपऱ्यापाशी गेली. मागं दावणीला गाय उभी होती. तिनं मान वळवली आणि नुसतं बघितलं. साळुबाई थांबली. मग तिनं तांब्या गाईच्या तोंडाशी धरला आणि गवताला म्हणाली, "तुजं तू बघ, बाई. माज्याकडं न्हाई."

आणि त्या गवतानं बघितलं! पुढच्या पावसाळ्यात चार शिंतोडे काय ते पडले. त्यावर पेरलेली बाजरी करपून गेली, विहिरी उघड्याच राहिल्या. पण शेळीनं खाल्लेल्या, उन्हानं भाजलेल्या त्या खुंटांतून हिरवं फुटलं. गुडघ्याएवढं झालं. कार्तिकात त्याला तुरे आले आणि काळ्या वेण्या पडल्या. सारं शिवार उघडं बोडकं, आणि साळुबाईच्या दारात कुसळी डोलतेय! स्नेहल तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, मी ह्याला गवत समजत होते हो." साळुबाई म्हणाली, "मग ते गवतच हाय की." पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

गवत निघालं एकच पेंढी. त्या आखितीला ती घेऊन गेली तर गेणूनं मान हलवली. "काकी, बोलीवर राहा. पुरं छप्पर." तो काही दुष्ट नव्हता, शब्दाला चिकट होता. साळुबाईनं पेंढी परत आणून आढ्याला टांगली. त्या दिवशी ती जेवली नाही.

आता गंमत बघा. पाण्याचा टँकर उभा राहायचा साळुबाईच्याच दारासमोर. सगळ्या गावच्या बाया हंडे घेऊन त्या कोपऱ्याला चिकटून रांगेत बसायच्या. टँकर यायला उशीर, मग तोंडाला तोंड. "काय गं साळूबाय, औंदा कुसळाला बाजार काय गावला?" असं म्हणून हसायच्या. धोंडाबाई तर सगळ्यांच्या पुढं. हसून झालं की हंडा उचलून घरी जायच्या, आणि दारात बसून लुगड्याच्या काठात घुसलेलं कुसळ एकेक उपटून टाकायच्या. शिव्या देत टाकायच्या. पण टाकायच्या कुठं? आपापल्या दारातच ना!

पुढं पाऊस बरा झाला आणि एक दिवस धोंडाबाई तणतणत आली. हातात उपटलेला ठोंब. "ह्ये बघ! तुजी अवदसा माज्या दारात आली! न्हाणीपाशी बघावं तर ह्येच, तुळशीपाशी बघावं तर ह्येच!"

साळुबाईनं तो ठोंब हातात घेतला. ओळखीची पाती. "आनखी कुनाच्या दारात हाय?" तिनं हळूच विचारलं.

"आगं, कुनाच्या न्हाई ते इचार! गेणूच्या दारात सुदिक हाय!"

साळुबाई मटकन खाली बसली. धोंडाबाई घाबरली. भांडायला आली होती ती पाणी आणायला आत धावली. साळुबाईला काही झालं नव्हतं. ती हसत होती आणि रडत होती. मग तिनं धोंडाबाईला शेजारी बसवलं, आढ्यावरच्या पेंढीतलं एक कुसळ ओढून मुरमावर ठेवलं, आणि वर थेंब सोडला. धोंडाबाईच्या तोंडाचा आ तसाच राहिला. घरी जाताना तिनं उपटलेला ठोंब मागून घेतला आणि परत लावला.

त्या दिवाळीनंतर गावात कुणी दारातली कुसळी फेकली नाही. आणि आखितीला साळुबाई तिच्या पेंढ्या घेऊन निघाली तर वाटेत धोंडाबाई उभी. तिच्या डोक्यावर भारा. "घे," ती म्हणाली, "तुजीच नात हाय, माज्या दारात वाढली." मागं आणखी बाया होत्या. कुणाची पेंढी काखेत मावेल एवढी, कुणाची डोक्यावर. शेवटी गेणूची बायको. देवापाशी उभ्या असलेल्या गेणूनं तिच्याकडं पाहिलं, भाऱ्यांकडं पाहिलं, आणि तो पाना घेऊन मेढीवर चढला. पत्रा खाली आला तेव्हा तो म्हणाला, "काकी, आन घेतली व्हती म्या. घ्या, काढला."

साळुबाईच्या बोटांना आता गाठ बसत नव्हती. गाठ स्नेहलनं मारली, पण पहिली पेंढी साळुबाईनं ठेवली. छप्पर झालं. ती वाकून आत गेली, देवाला अंघोळ घातली, शेंदूर लावला. मग मान वर करून पाहिलं. गवतातून उन्हाचे बारीक बारीक तुकडे खाली येत होते, आणि तोच वास. कळा देत पडली होती तेव्हा हेच दिसत होतं. तिनं देवाच्या कपाळाला हात लावला. थंड होतं.

बाहेर येऊन तिनं अंघोळीचं उरलेलं पाणी रीतीप्रमाणे मेढींच्या बुडाशी ओतलं. चढवाचढवीत पेंढ्यांतली कुसळं खाली सांडली होती. म्हसूचं कांदा काढून मोकळं पडलेलं रान थेट मेढींपर्यंत आलेलं, त्या ढेकळांत सगळीकडं कुसळंच कुसळं. पाणी त्यांच्यात पसरलं.

आणि जमीन हलायला लागली.

एक नाही, दोन नाही, जिथं पाणी पोचलं तिथं सगळीकडं काळ्या शेपट्या फिरत होत्या. एकमेकींना धक्का देत होत्या, ढेकळाला टेकत होत्या, आणि दाणे खाली खाली शिरत होते. गेणूनं हातातला पाना खाली ठेवला. कुणीतरी पायताण काढलं, मग सगळ्यांनीच काढलं.

म्हसू गुडघ्यावर बसला. एवढा थोराड बाप्या, पण त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. "आये, ह्ये काय चाललंय?"

"पेरनी चाललीया," साळुबाई म्हणाली. "तू जल्मलास तवाबी चालली आसंल. म्या बगितली नव्हती."

म्हसू बराच वेळ उठला नाही. त्यानं मेढींना भिडलेलं आपल्या नांगराचं तास पाहिलं. मग एक काटकी उचलली आणि देवाभोवती जमिनीवर रेघ ओढायला लागला. "हितनं आत नांगुर येनार न्हाई," तो म्हणाला. रेघ वळवायच्या जागी तो वळला नाही. तसाच पुढं निघाला, आपल्याच रानातून, अनवाणी, काटकी ओढीत.

"आरं, बास की!" रखमाजी ओरडला. "कांद्याला काय ठेवतोस का न्हाई!"

म्हसूच्या पायात कुसळ भरलं, त्यानं एक शिवी हासडली, पण तो थांबला नाही. साळुबाई पदर तोंडात धरून मेढीला टेकून उभी होती आणि ती रेघ लांब लांब जाताना बघत होती.